डोळ्यांच्या पेटीची मिरवणूक

बारामतीत आमच्या संस्थेचं कार्यालय आहे. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो दिसतो. जीपच्या बॉनेटवर पांढरी थर्मोकोलची पेटी ठेवलेली, तिच्यावर झेंडूचे इतके हार की पेटीचा एक कोपराच काय तो उघडा राहिलाय. शेजारी हात जोडून मी उभा. फोटोखाली ओळ आहे : ‘संस्थेच्या प्रयत्नातून पहिले नेत्रदान – दोन आयुष्यांत प्रकाश.’

ती ओळ मी लिहिली. ती खोटी आहे. कोणाच्याही आयुष्यात त्या पेटीतून प्रकाश गेला नाही, आणि तो गेला नाही याचं कारण त्या फोटोत हात जोडून उभं आहे.

मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात फिल्डमन होतो. उसाच्या नोंदी घ्यायला सायकलवर आणि पुढे मोटरसायकलवर इंदापूर तालुक्यातली गावं फिरलो, त्यामुळे वाटेवरच्या प्रत्येक गावात चहा देणारं एक तरी घर होतं. निवृत्त झाल्यावर संस्थेत आलो तो या ओळखींच्या जोरावर. संस्था म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. दोन दुकानदार, एक औषधवाला, दूध संकलन केंद्र चालवणारा एक जण, माझ्यासारखे तीन-चार निवृत्त. रक्तदान शिबिर, रक्तातल्या साखरेची तपासणी, डायलिसिसला येणाऱ्या पेशंटसाठी गाडी, आणि नेत्रदानाचे फॉर्म. जीप एका द्राक्ष बागायतदाराची, तो मागितल्याबरोबर किल्ली द्यायचा. आमच्यात वाईट माणूस एकही नव्हता. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणाला तसं वाटेल.

नेत्रदानाचे फॉर्म लोक भरायचे, पण डोळे कोणी द्यायचं नाही. कार्यक्रमात सही करायची, फोटो काढायचा, आणि माणूस गेला की घरच्यांनी आम्हाला फोनच करायचा नाही. आम्हाला कळायचं ते दशक्रियेची पत्रिका आल्यावर. डोळे काढले तर पुढच्या जन्मी आंधळा होऊन येतो, ही भीती शिकलेल्या घरांतही होती. तोंडावर कोणी तसं म्हणायचं नाही. “गडबडीत राहूनच गेलं बघा तात्या,” म्हणायचे.

तो मला डायलिसिसच्या खोलीत भेटला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. इंदापूरच्याही पलीकडल्या एका गावचा. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, नंतर शेती. हा बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत पॅकिंगला होता, मोटरसायकलवर ये-जा करायचा. किडन्या गेल्या तशी नोकरी गेली आणि आमच्या गाडीतून आठवड्यातून दोनदा यायला लागला. वडील नव्हते. आई आणि लग्न होऊन गेलेली एक बहीण. मी एकदा खोलीत फॉर्मचा गठ्ठा घेऊन बसलो होतो, तर त्याने मशिनला लावलेला हात तसाच ठेवून दुसरा हात पुढे केला.

“तात्या, त्यो कागद इकडं द्या.”

“कशाला?”

“डोळं द्यायचं हायत न्हवं? किडन्या कामातनं गेल्या, पर डोळं आजून कंपनीतनं आल्यावानी हायत.”

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, “आरं, आधी अंगाला हळद लागू दे, मग डोळं वाट.”

“पोरगी कोण देतंय? तिला काय सांगू, आठवड्यातनं दोन दिस मी मशिनीचा नवरा हाय म्हणून?”

सगळी खोली हसली. त्याने सही केली आणि कागद परत देताना हळूच म्हणाला, “एक करा मातर. माझं डोळं कुणाला बसलं ते आईला सांगा. नाव-गाव सांगा. नुसतं ‘दोघांना दिसाय लागलं’ आसलं नगं. ती जाऊन बघून यील.”

डोळा कोणाला बसवला हे नेत्रपेढी कधीच सांगत नाही. तसा नियम आहे आणि तो मला पाठ होता. तरी मी म्हणालो, “सांगेन.”

तो गेला त्या उन्हाळ्यातच. सकाळी सातला बहिणीचा फोन आला. रडत होती, पण पहिलं वाक्य हेच की, “तात्या, आई म्हणतीया डोळ्याचं बघा.” आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला कोणी आपणहून फोन केला होता. पुण्याच्या एका नेत्रपेढीचं काम करणारा, चाळिशीतला एक तंत्रज्ञ बारामतीत राहायचा. त्याला आणि पेटीला जीपमध्ये घेऊन मी निघालो.

त्या घराने काही म्हणजे काही चुकवलं नव्हतं. फोनवर सांगितलं तसा पंखा बंद केला होता, नाहीतर वाऱ्याने डोळे सुकतात. डोक्याखाली उशी दिली होती. मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस होता आणि तो सुकला की आई पुन्हा ओला करत होती. एवढ्या उकाड्यात खोलीत बायका पदराने वारा घ्यायला लागल्या, तर तिने त्यांनाही बाहेर काढलं. तंत्रज्ञाला आत काम करायला अर्धा-पाऊण तास लागला. मग त्याने आईला आत बोलावलं. तिने मुलाचा चेहरा पाहिला. पापण्या मिटलेल्या होत्या, काही कळत नव्हतं.

“निजल्यागत दिसतोय,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आता हितं थांबू नका तात्या. बिगी बिगी न्या. ऊन व्हायच्या आत न्या.”

तिने हे मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जीपपर्यंत येऊन.

आता जे लिहायचं ते इतकी वर्षं मी वेगळं सांगत आलो. मिरवणूक संस्थेच्या अध्यक्षांनी काढायला लावली, असं मी लोकांना सांगायचो. अध्यक्ष वारले, त्यामुळे खोडून काढणारं कोणी उरलं नाही. पण ती कल्पना माझी होती. सकाळी निघतानाच मी वाटेवरच्या गावांत फोन केले होते. आपल्या भागातलं पहिलं नेत्रदान आहे, डोळे आपल्या गावावरून जाणार आहेत, चार माणसं हार घेऊन उभी राहा. माझ्या मनात असं होतं की लोकांची भीती अशीच मोडेल. पेटीला हात लावतील, नमस्कार करतील, उद्या आपल्या घरात वेळ आली तर फोन करतील. हा विचार वाईट होता असं मला आजही म्हणवत नाही. फक्त पेटीत काय आहे हे मी विसरलो.

इंदापुरात आल्यावर तंत्रज्ञ म्हणाला, “तात्या, हायवेला लागू. बर्फ दुपारपर्यंतच पुरेल.”

इंदापुरातून पुण्याला सरळ रस्ता आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी जीप बारामतीकडे वळवली.

“लोक थांबलेत. पाच-पाच मिनिटं. तिथून पुण्याला जाऊ.”

“तात्या, ही मूर्ती नाही विसर्जनाची.”

“तुला लोक कळत नाहीत,” मी म्हणालो. वयाने मोठा होतो आणि संस्थेचा सचिव होतो.

निमगाव केतकीला वीस-पंचवीस माणसं होती. पेटी मागच्या सीटवर होती, ती कोणाला दिसेना. म्हणून मी ती उचलून बॉनेटवर ठेवली. खाली इंजिन चालू होतं. हे वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली : खाली इंजिन चालू होतं, आणि वरून चैत्राचं ऊन होतं. बायकांनी पेटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. एक आजी म्हणाली, “आत खरंच हाय का काय? का नुसतीच पेटी?” तिची भीती जावी म्हणून मी झाकण उघडून दाखवलं. आत बर्फात दोन छोट्या बाटल्या होत्या. आजीने कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, “एवढंसं हाय व्हय!” सगळे हसले. मीही हसलो. मग पुढच्या गावातही झाकण उघडलं, कारण तिथे लोक मागायच्या आतच मला दाखवावंसं वाटलं.

“झाकण उघडू नका,” तंत्रज्ञ दर वेळी म्हणत होता. तिसऱ्या गावानंतर म्हणायचा थांबला.

लासुर्ण्यात चौकात मांडव घातला होता. भाषणं झाली. तोवर पेटीच्या कोपऱ्यातून पाणी झिरपून बॉनेटवरून खाली ठिबकत होतं. गर्दीतला एक माणूस पुढे झाला, त्याने त्या पाण्याखाली ओंजळ धरली आणि ते आपल्या डोळ्यांना लावलं. त्याचं बघून आणखी तिघा-चौघांनी लावलं. बर्फ वितळतोय हे मला दिसत होतं. पण त्या क्षणी मला वाटलं ते इतकंच की, आता या गावातून फॉर्म भरपूर येतील.

काटेवाडीला हलगीवाले आले होते. बारामतीत कार्यालयासमोर तो फोटो काढला. चार वाजून गेले होते. रसवंतीवरून बर्फ आणून पेटी पुन्हा भरली आणि तंत्रज्ञ एकटाच ती घेऊन पुण्याला गेला. जाताना माझ्याशी बोलला नाही. त्यानंतरही कधी नीट बोलला नाही, आणि वर्षभरात बदली करून घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. बोलणाऱ्या बाईंचा आवाज मऊ होता. “वाईट वाटून घेऊ नका, पण पेटी आतून कोमट झाली होती. दोन्ही डोळे बसवण्याजोगे राहिले नाहीत. घरच्यांना आमच्याकडून धन्यवाद सांगा.” पाठोपाठ तसं पत्र आलं. ते मी घरी आणलं आणि कपाटात कारखान्याच्या जुन्या डायऱ्यांखाली ठेवलं. अध्यक्षांना सांगितलं, पोचलं सगळं नीट.

दहाव्याला गेलो तेव्हा आई मुलाच्या फोटोजवळ बसली होती. बसल्या बसल्याच विचारलं, “कुणाला बसलं तात्या?”

“कळवतो,” मी म्हणालो.

तेव्हा सांगता आलं असतं. ती रडली असती, मला चार शिव्या बसल्या असत्या, आणि ते तिथेच संपलं असतं.

इंदापुरात एक शिंपी आहे. मुसलमान. बापाचंही तेच दुकान होतं. लहानपणी उसात खेळताना पात्याने त्याचा उजवा डोळा चिरला आणि बुबुळावर पांढरं पडलं. त्याचे कागद आमच्या संस्थेनेच पुण्याला पाठवले होते. त्या मुलाच्या दहाव्याच्या आठवड्यातच या शिंप्याचा नंबर लागला आणि त्याला डोळा बसला. कोणाचा, ते त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तो पट्टी काढून आनंदाने पेढे घेऊन माझ्याकडे आला. तो समोर बसलेला असताना मला ते सुचलं. वेळ जुळत होती, तालुका एक होता. मी म्हणालो, “ज्याचा डोळा आहे त्याच्या आईला भेटशील का?”

तो पेढ्याचा पुडा तिथेच ठेवून उठला. म्हणाला, “तात्या, आत्ता चला.”

आईला मी त्याच्या दुकानात घेऊन गेलो. ती उंबऱ्यात उभी राहिली. त्याने मशिनवरचा पाय काढला आणि उठला. तिने विचारलं, “कुठला?”

“उजवा.”

“इकडं बघ.”

तो बघत राहिला. तिने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, “व्हय. त्याचाच हाय.” दुसरा डोळा नगरकडे कोणाला तरी गेला, असंही मी सांगितलं होतं. त्याचं तिने कधी पुढे विचारलं नाही. एक पुरे होता.

मग ते चालूच राहिलं. बाजारच्या दिवशी ती इंदापुरात आली की दुकानातल्या स्टुलावर बसायची. येताना शेंगा, हुरडा, खर्वस. जाताना एकदा म्हणायची, “इकडं बघ.” त्याने मान वर केली की बघायची आणि एसटी धरायची. तिच्या चोळ्या तो शिवायचा. ईदला शिरखुर्म्याचा डबा तिच्या गावी जायचा. भाऊबीजेला तिची मुलगी त्याला ओवाळायची. शिंप्याची बायको एकदा माझ्यादेखत तिला म्हणाली, “आई, तुमच्या लेकाला सांगा जरा. एवढा चांगला डोळा दिलाय, पर घरातला केर काय त्याला दिसत न्हाय.” म्हातारी तोंडाला पदर लावून हसली होती. मुलगा गेल्यानंतर ती हसताना मी पहिल्यांदा पाहिली, आणि घरी येताना स्वतःला म्हणालो, काय बिघडलं? कोणाचं नुकसान झालं?

फॉर्म खरोखरच वाढले. मिरवणुकीच्या गावांतून फोन येऊ लागले, आणि पुढे दिले गेलेले डोळे पोचलेही, बसलेही. कारण मी संस्थेत कडक नियम केला होता : पेटी कुठेही थांबणार नाही, हार नाही, फोटो नाही, उघडणार नाही. या नियमाचं लोकांनी कौतुक केलं. तो कशातून आला हे मला कोणी विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात शिंपी माझ्या घरी आला. काळा चष्मा लावलेला. बायकोने चहा ठेवला तरी त्याने चष्मा काढला नाही.

“तात्या, डोळा गेला.”

त्याने चष्मा वर केला. बुबुळ दुधासारखं झालं होतं. बुबुळावर बसवलेला पारदर्शक पडदा काही वर्षांनी कधी कधी शरीर नाकारतं, असं डॉक्टर म्हणाले होते. औषधांनी भागलं नाही. असं होऊ शकतं, हे मला माहीत होतं. त्याला नव्हतं.

“चार महिनं झालं. आईला सांगितलं न्हाय. डोळं आलंत म्हणालो, मग उन्हाचा त्रास म्हणालो. आता बाजारच्या दिवशी दुकानच बंद ठेवतोय. ती येती, कुलूप बघती, शेजारच्याला विचारती आन् जाती.” तो थांबला. “तिचं पोरगं पयल्यांदा किडनीनं गेलं. दुसऱ्यांदा माझ्याकडनं गेलं. कुठलं तोंड घिऊन जाऊ? धूळ लागू दिली आसंल, रात्री शिवत बसलो ते बाधलं आसंल. कायतरी चुकलंच की माझं.”

हा माणूस चार महिने माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरत होता. मी त्या क्षणी धीर केला असं म्हणणार नाही. मला त्याचं तोंड बघवेना, एवढंच. कपाटातून ते पत्र काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. त्याला एका डोळ्याने ते वाचायला वेळ लागला. मग मी जीप, बॉनेट, झाकण, सगळं सांगितलं.

त्याने पत्राची घडी घालून ते माझ्याकडे सरकवलं.

“मग ह्यो कुणाचा व्हता?”

“माहीत नाही.”

“म्हंजी कुणाची तरी दुसरीच आई आसंल.”

“असेल.”

“तिची कदी एक चोळी बी न्हाय शिवली म्या.” त्याने चहाचा कप बाजूला सारला. “तात्या, तुमी मला डोळा नसता दिला तरी चाललं आसतं. ही आई कशाला दिलीत?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. गाडीत तो एकदाच बोलला. “तुमीच सांगायचं. म्या नुसता बसणार.”

आई ओट्यावर मटकी निवडत होती. त्याला बघून ती आधी त्याच्यावर चिडली. “कुठं मेला व्हतास? चार बाजार कुलूप!” मग चष्मा दिसला. “काय झालं रं? काढ त्यो.”

त्याने काढला. तिने सूप खाली ठेवलं. नेहमीसारखी हनुवटी धरली नाही. लांबूनच बघितलं आणि विचारलं, “दुखतंय का?”

“न्हाय आई.”

मग मी बोललो. मी पत्र वाचून दाखवायला लागलो तर म्हणाली, “त्यो कागद ऱ्हाऊ द्या.” सगळं संपल्यावर ती म्हणाली, “म्या बिगी न्या म्हणलं व्हतं.”

“हो.”

“दोनदा म्हणलं व्हतं.”

“हो बाई.”

“मग माझ्या पोराचं डोळं कुठं हायत?”

हा प्रश्न येणार, हे मला अकरा वर्षं माहीत होतं. नेत्रपेढीत अशा डोळ्यांचं काय करतात ते साधारण ठाऊक आहे. काही शिकण्यासाठी वापरतात, बाकीच्यांची नियमाप्रमाणे विल्हेवाट लावतात. पण तिला ‘विल्हेवाट’ हा शब्द कसा सांगणार? मी म्हणालो, “मला माहीत नाही.” हेही पुरतं खरं नव्हतं.

“बिनडोळ्याचा जाळला म्या त्याला,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “म्या म्हणायची, डोळं तर हायत. बाजाराला जाऊन बघत व्हते. ह्या पोराच्या तोंडाकडं आकरा वर्सं बघितलं. ह्याचं हे तोंड म्या कदी बघितलंच न्हाय. नुसता डोळा बघितला.”

शिंप्याने मान खाली घातली. मी तिच्या पायांकडे वाकलो तर तिने पाय मागे घेतले.

“मला माफ करा,” मी म्हणालो.

“माज्यापाशी मागून सुटू नका तात्या. हितं वाड्यावस्तीवर मला एकटीला सांगायला काय लागतंय? जितं जितं जीप थांबवलीत, तितं तितं जाऊन सांगा. त्या लोकांनी माझ्या पोराच्या पेटीला हात जोडलंत. त्यास्नी कळू द्या, आत काय शिजत व्हतं.”

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. आम्ही उठलो.

बारामतीला आल्यावर मी संस्थेच्या बैठकीत हे सांगितलं. आता सगळे माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. त्यांना धक्का बसला. मग एक जण म्हणाला, “तात्या, झालं ते झालं. आता हे चौकात सांगितलं तर फॉर्म बंद होतील. उद्या खरंच कोणाचा तरी डोळा जाईल त्यापायी.” दुसरा म्हणाला, “तुमचं मन हलकं होईल, पण आंधळ्यांचं काय?” यात खोटं काहीच नाही. भिंतीवरचा फोटो उतरवा, एवढंच मी म्हणालो. पुढच्या बैठकीत बघू, म्हणाले. फोटो अजून तिथेच आहे.

मी एकेक गाव घ्यायला सुरुवात केली. निमगाव केतकीला पारावर बसून सांगितलं. ऐकणाऱ्यांत त्या दिवशीचे दोघेच होते. एकाला हलगी आठवत होती, आणि हलगी तर काटेवाडीला होती. आणखी दोन गावांत बोललो. लोकांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं. एकाने सरळ विचारलं, “मग आता आमच्या म्हाताऱ्याचं डोळं द्यायचं का न्हाय?” मी सांगितलं, द्या. तासाभरात फोन करा, पंखा बंद करा, आणि पेटी वाटेत कोणाला थांबवू देऊ नका, तो सचिव असला तरी. त्याने मान हलवली. त्याच्या मनात काय बसलं ते मला कळलं नाही.

लासुर्ण्यात मांडव होता तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. तिथे एक माणूस भेटला, ज्याने ते ठिबकणारं पाणी डोळ्यांना लावलं होतं. मला तो आठवत नव्हता, त्याला मी आठवत होतो. मी सगळं सांगितलं. मग त्याने उपरण्याने आपले डोळे पुसले. रडत नव्हता. लागलेलं काही पुसून काढावं तसे पुसले, आणि उठून गेला.

काटेवाडी राहिली आहे आणि बारामती राहिली आहे. काटेवाडीला जाईन. बारामतीत ज्या दारात तो फोटो काढला, त्या दारात मला बोलू देणार नाहीत, म्हणून हे लिहिलंय. माझे गुडघे आता फार दिवस फिरू देतील असं नाही. हे वाचून कोणी तो फोटो उतरवला तर बरं होईल.

शिंपी मागच्या आठवड्यात दुकानात भेटला. एका डोळ्यावर शिवतो, काज-बटण बायको करते. मी विचारलं, “आई येते का?”

“न्हाय. बाजारला येती, पर दुकानाकडं न्हाय येत. मीच जातो तिकडं, जुम्म्याला दुकान बंद आसतं तवा.”

“काय म्हणते?”

त्याने मशिनचं चाक हाताने थांबवलं.

“चा देती. बस म्हणती. बघत मातर न्हाय.”